निघायचं कुठून

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या माणसाला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: निघायचं कुठून? प्रोग्राम उघडला की जगाचा नकाशा समोर येतो आणि त्यावर ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक विमानतळ. ज्यावर बोट ठेवाल तिथे तुमचं विमान उभं राहतं. बहुतेक लोक इथे वेळ घालवत नाहीत. कुणी आपल्याच शहरातून निघतं, कुणी डोंगरातल्या एखाद्या अवघड धावपट्टीवरून, कुणी काल जिथे उतरलं तिथून पुढे.

माझी पद्धत नोकरीतून आली. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर काम करत होते. डेस्कवरचा माणूस कुठेही जात नाही, बातम्या त्याच्याकडे येतात. प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं. लातूर, धुळे, यवतमाळ, कऱ्हाड. या गावांत पाणी किती दिवसांनी येतं, बाजार समितीत कुणाचं पटत नाही, कुठला पूल कधीपासून अर्धवट आहे, हे मला पाठ होतं. गावं मात्र पाहिलेली नव्हती. नोकरी सोडल्यावर घरून भाषांतराची कामं सुरू केली, त्यासाठी बऱ्यापैकी कॉम्प्युटर घेतला, आणि दुपारच्या जेवणानंतरचा वेळ विमानाला दिला.

निघण्याचं गाव मी सकाळच्या पेपरातून ठरवते. आतल्या पानावरची सगळ्यात लहान बातमी ज्या गावची असेल, तिथून निघायचं. त्या गावाला धावपट्टी नसेल तर जवळची घ्यायची. पहिल्या पानावरची गावं मी घेत नाही. तिथे त्या दिवशी सगळेच गेलेले असतात. विमान धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन सुरू करून तयार मिळू शकतं, पण मी ते घेत नाही. पार्किंगमध्ये, इंजिन बंद, सगळे दिवे बंद, अशा विमानापासून सुरुवात करते. प्रोग्राममध्ये आणखी एक सोय आहे: विमान थेट हवेतच, उडत्या अवस्थेत मिळतं. तिला मी कधी हात लावलेला नाही.

घर ऐरोलीत, खाडीकडच्या शेवटच्या इमारतीत. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. तो मूळचा जवळच्याच बोनकोडे गावचा, मी सोलापूरची. त्याची आई, माझ्या सासूबाई, बोनकोड्यात स्वतःच्या घरात राहतात. खाली त्या, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. गेल्या वर्षी त्या घराचा स्लॅब गळायला लागला, दुरुस्ती काढावी लागली, म्हणून त्या काही महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. येताना एक पिशवी कपडे, स्वतःची विळी आणि सुक्या जवळ्याचा डबा घेऊन आल्या.

पहिल्याच दुपारी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाय, हा काय खेल हाय?"

"विमान उडवते, आई."

"पगार देतात?"

"नाही."

"मंग इस्त्रीवाल्याचे कपडे तरी मोजून घे. तो दारात उभा हाय."

कपडे घेऊन परत आले तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली. मांडीवर निवडायची भाजी, डोळे पडद्यावर. उंचीची त्यांना भीती वाटत नव्हती, विमानाच्या आवाजाची नव्हती. त्यांचे प्रश्न फक्त सुरुवातीबद्दल असत.

"आज कुठून?"

"यवतमाळ."

"तिथं आपला कोन हाय?"

"कोणी नाही."

"कोनी नाय तिथून कशाला निघतेस? पाठी उभा राहून हात हलवनारा एक तरी मानूस लागतो." मग मेथीची जुडी सोडत त्यांनी विषय पूर्ण केला. "नायतर तो निघनं नाय, पलनं झाला."

हवेतल्या सोयीचा त्यांना एकदा पत्ता लागला. मी नकाशा हलवताना चुकून ते बटण दाबलं गेलं आणि विमान अरबी समुद्रावर, ढगांच्या वर, आपोआप उडताना दिसलं. मी घाईने बंद केलं.

"का बंद केलास? चांगला चाललेला."

"तो खरा प्रवास नाही, आई. कुठूनच निघालेलं नाही ते."

पण पुढचे काही दिवस, मी विमान सुरू करायची सगळी बटणं एकेक करून दाबत असताना, त्या मधूनच विचारत, "तो हवेतला नाय करीत का आज?" निघावंच न लागणारा प्रवास त्यांना का हवा होता, ते मला लवकरच कळलं.

माझी नणंद, म्हणजे त्यांची मुलगी, मस्कतला असते. तिचा नवरा तिथल्या बंदरात नोकरीला आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले, तेव्हा आईने यावं असं ठरलं. तिकीट काढलं, सगळे बोनकोड्याहून निरोप द्यायला विमानतळापर्यंत गेले. काउंटरवर सासूबाईंचा पासपोर्ट पाहिला गेला. मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी काळ उरला होता. तेवढ्या मुदतीवर जाऊ देत नाहीत. घरातल्या कुणालाच तो नियम माहीत नव्हता. संपूर्ण गोतावळा, बॅगा, लाडवांचे डबे घेऊन परत बोनकोड्यात आला. नवीन पासपोर्टसाठी अर्ज गेला. तो येण्याआधी मस्कतहून फोन आला, की मूल राहिलं नाही.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. ते नणंदेला पटलं, तिच्या नवऱ्याला पटलं, माझ्या नवऱ्याला पटलं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

सासूबाई आमच्याकडे असतानाच मस्कतहून पुन्हा फोन आला. नणंदेला पाचवा महिना सुरू होता. चौथा सरेपर्यंत तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी जास्तीत जास्त पडून राहायला सांगितलं होतं, विमानप्रवास बंद होता, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच मिटला. फोन स्पीकरवर होता.

"आये, लाडू नको, काय नको. तू ये. हे बारा बारा तास बंदरावर असतात. मी दिवसभर भिंतीशी बोलतेय."

"बघतंव," सासूबाई म्हणाल्या.

या घरात 'बघतंव' म्हणजे नाही. नणंदेलाही ते माहीत होतं. तिने मस्कतमधल्या भाजीचे भाव सांगितले आणि फोन ठेवला.

नवऱ्याने त्या दिवशी जेवता जेवता विषय काढला.

"आये, पासपोर्ट नवा आहे, व्हिसा होईल. अडचण काय आहे?"

"काय नाय."

"मग जायचं ना?"

"एकदा निघाले व्हते. पाय पाठी फिरला नि तिच्या घरात काय झाला ते तुना ठाव हाय. परत तसाच निघू?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना कशामुळे झालं ते. तुझ्या पायाचा काय संबंध?"

"डॉक्टर त्याच्या जागी. माझा पाय माझ्या जागी."

"चूक माझी होती. पासपोर्ट मी बघितला होता."

"तू बघितलास, फिरले मी," असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. वाद तिथे संपला.

स्थिती अशी होती. मस्कतमध्ये एक बाई पडून होती आणि तिला आई हवी होती. ऐरोलीत तिची आई धडधाकट होती, पासपोर्टसह, आणि ती येत नव्हती, कारण आपल्या जाण्याने मुलीचं वाईट होईल अशी तिची खात्री होती. यातलं कुणीही कुणावर रागावलेलं नव्हतं. त्यामुळे समजूत घालायला जागाच नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यातल्या एका दुपारी मी धुळ्याहून निघाले. पेपरातली बातमी चार ओळींची होती. एका वाचनालयाला कुणीतरी आपल्या घरातली पुस्तकं दिली होती. प्रोग्राम खऱ्या हवामानाची नोंद घेतो, आणि धुळ्यात त्या दिवशी आडवा वारा होता. विमान वेग घेत असताना मी दिशा सांभाळणारं पायाखालचं पेडल कमी दाबलं. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, डावा पंख जमिनीला लागला, पडदा काळा झाला. मग नेहमीचा प्रश्न आला: याच ठिकाणाहून पुन्हा सुरू करायचं का? मी 'नाही'वर क्लिक केलं, नकाशा उघडला आणि जळगाव निवडलं.

"का गो?" मागून आवाज आला. "धुल्याला काय झाला?"

"काही नाही."

"मंग तिथूनच निघ की. दुसरा इमान देतंय ना तो?"

"देतो. पण मी नाही निघत तिथून. त्या दिवशी तरी नाही."

"का?"

असं मी सुरुवातीपासून करत होते, पण त्याचा नियम म्हणून कधी विचार केलेला नव्हता. धुळ्याच्या धावपट्टीत दोष नव्हता. चूक माझ्या पायाची होती आणि जळगावलाही मी तोच पाय घेऊन जाणार होते.

"सवय आहे," मी म्हणाले.

"सवय!" सासूबाईंनी हातातली शेंग परातीत टाकली. "आमी केला का अंधश्रद्धा, तुमी केला का सवय!"

आणि त्या हसल्या. मस्कतच्या फोननंतर पहिल्यांदाच. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणलं, तर पेला हातात धरूनच त्यांनी विचारलं, "मंग मना पन दुसरीकडून काढ. हाय का दुसरी जागा?"

मी ते काम म्हणून घेतलं. मस्कतला जाणारी विमानं आणखी कुठून सुटतात ते शोधलं. पनवेलकडच्या नव्या विमानतळावरून आम्हाला जमेल असं विमान मिळत नव्हतं. हैदराबाद होतं, कोची होतं, दिल्ली होती. मी रोज दुपारी त्यातल्या एकेका ठिकाणाहून उड्डाण करून दाखवू लागले. लहान बातम्यांची गावं तेवढ्यापुरती बाजूला पडली.

हैदराबादची धावपट्टी त्यांना आवडली. "ऐसपैस हाय. पन तिथं आपला कोन?"

"कोणी नाही."

कोचीला मी तयारीने गेले. "तुमच्या वरच्या मजल्यावर नर्स राहते ना, ती कोचीकडची आहे."

"ती हाय बोनकोड्याला. ती हितं, मी तिथं, तर हात कोन हलवील? तिचा घरवाला?"

"तोही बोनकोड्यालाच आहे."

"मंग?"

दिल्लीच्या वेळी नवरा घरी होता. तो मागे उभा राहून पाहत होता. "मुंबईहून सरळ पावणेतीन तासांचं विमान आहे," तो म्हणाला. "त्यासाठी आयेला आधी दिल्लीला न्यायचं? म्हणजे दोनदा निघणं आलं. आये, दोनदा निघशील का?"

सासूबाई याचा विचार करत राहिल्या. मी दिल्लीहून उडाले, विमान वर नेलं, वळवलं. त्यांचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "दोनदा निघायचा तर परस्थान ठेवतात."

प्रस्थान ठेवणं मी ऐकून होते, पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या सासऱ्यांची होडी होती. होडी भरतीच्या वेळेवर सुटणार, आणि चांगला दिवस भरतीला विचारून येत नाही. मग चांगल्या दिवशी घरातून एक लहान गाठोडं काढायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड. ते जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. तो स्वतः नंतर, होडीच्या वेळेला, ते गाठोडं उचलून पुढे जायचा.

"म्हणजे मधले दिवस माणूस घरातच?" मी विचारलं.

"घरात जेवायचा, झोपायचा. पन निघालेला असायचा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटर बंद केला.

यापुढे गोष्टी वेगाने झाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात गुरुवार चांगला निघाला. विमान रविवारचं मिळालं. नवऱ्याने पासपोर्टची मुदत स्वतः पाहिली, मला पाहायला लावली, मग तिकिटाच्या एजंटला फोटो पाठवून त्यालाही वाचायला लावली. उरला प्रश्न घराचा.

"इमान कुठं तोंड करून सुटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाऱ्याकडे. मुंबईला बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्रावर."

"मंग घर पन मावलतीचा पायजे."

आमच्या इमारतीच्या पश्चिमेला घर नाही. कांदळवन आहे, मग खाडी. पुढचं घर थेट पुलापलीकडे, मुलुंडला. मुलुंडला मी एकाच माणसाला ओळखत होते. ते आमचे जुने वृत्तसंपादक, मी ज्यांच्या हाताखाली काम शिकले. त्यांनी आयुष्यभर भविष्याचा रकाना जाहिरातींच्या खाली, सर्वांत लहान टाइपात लावला होता. व्यवस्थापनाशी त्यावरून त्यांचे खटकेही उडाले होते. निवृत्तीनंतर ते एकटेच राहत होते. दुसरा पर्याय नव्हता. मी फोन केला.

"सर, एक गाठोडं तुमच्याकडे ठेवायचं आहे. रविवारपर्यंत."

"काय आहे त्यात?"

"तांदूळ, सुपारी आणि हळकुंड."

"बातमी नीट सांग. महत्त्वाचं आधी."

मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे सांगितलं. "मस्कतला माझी नणंद गरोदर आहे, तिला आईची गरज आहे. सासूबाई जायला घाबरतात. गाठोडं तुमच्याकडे ठेवलं तर जातील."

मग ते म्हणाले, "ठेव. आपल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकू नकोस."

"नाही टाकत."

"आणि कुणी विचारलं तर दुजोरा देऊ नकोस."

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं पुलावरून मुलुंडला गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टेबलावरची पुस्तकं हलवून जागा केली होती. सासूबाई त्यांच्यापेक्षा वयाने थोड्या लहानच असतील, पण बोलल्या थोरल्या बहिणीसारख्या.

"हा हितं ठेवते. हलवू नका, कुनाला देऊ नका. दिवाबत्ती नको."

"बरं."

"तुमच्या घरात बाईमानूस नाय?"

"नाही. होती. गेली."

"मंग चहा मी करते," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा चहासोबत त्यांनी सरांना सांगितलं, की गॅसची नळी बदलायला झाली आहे. सरांनी ती दुसऱ्या दिवशी बदलली.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या तशाच होत्या, पण त्यांचं काम वाढलं होतं. मसाला कुटून आणला. जवळा पुन्हा एकदा उन्हात घातला, त्याच्या वासावरून खालच्या मजल्याने सोसायटीत तक्रार केली, सासूबाईंनी तक्रारदाराला वाटीभर नेऊन दिला, तक्रार मागे घेतली गेली. दुपारी माझ्या मागची खुर्ची रिकामी असे. त्यांना वेळ नव्हता.

शनिवारी सरांचा फोन आला. मी भाजी निवडत होते, म्हणून स्पीकरवर घेतला.

"तुझ्या गाठोड्याला मुंग्या लागत होत्या," ते म्हणाले. "फ्रिजमध्ये ठेवलंय."

मी स्पीकर बंद करायला हात पुसत होते, तोवर सासूबाई ओट्यापाशी आल्या. हलवू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा दारात थांबला. आम्ही दोघं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"फ्रिजमधी कुठं?" त्यांनी फोनकडे तोंड करून विचारलं.

"भाजीच्या खणात," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "चुकलं का काही?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तुमचा घर मुलुंडला, फ्रिज पन मुलुंडलाच ना?"

"हो."

"मंग काय नाय चुकला. तांदलाला किडा पन नाय लागायचा."

रविवारी सकाळी मुलुंडला सर आपल्या इमारतीखाली उभे होते, गाठोडं हातात. कापड थंड आणि दमट झालं होतं. सासूबाईंनी ते पिशवीत तळाशी ठेवलं. गाडी वळेपर्यंत सर हात हलवत राहिले. विमानतळाच्या दारातून पुढे आम्हाला जाता येत नव्हतं. विमान कंपनीची एक मुलगी, सोबत मिळावी म्हणून आम्ही मागितलेली चाकाची खुर्ची घेऊन आली. सासूबाईंनी तिला विचारलं, "तू शेवटपर्यंत येनार का?" ती हो म्हणाली, तेव्हाच त्या बसल्या.

दीड तासाने त्यांचा फोन आला, की विमानात बसले. आम्ही तोवर घरी पोचलो होतो. खरी विमानं नकाशावर दाखवणारी एक साइट आहे, ती मी उघडून ठेवली होती. नवरा शेजारी. त्यांच्या विमानाचं छोटं पिवळं चिन्ह टर्मिनलपासून मागे सरलं, वळलं, टॅक्सी-वेवरून हळूहळू धावपट्टीकडे निघालं. धावपट्टीच्या अलीकडे ते थांबलं. बरंच थांबलं. मग धावपट्टीवर न जाता बाजूने वळलं आणि ज्या वाटेने आलं होतं त्या वाटेने परत यायला लागलं.

नवरा उठून उभा राहिला. "हे काय?"

काय झालं असेल याच्या चार-पाच शक्यता मला माहीत होत्या. सगळ्या किरकोळ होत्या. त्यातली एकही या घरात किरकोळ ठरणार नव्हती. चिन्ह पुन्हा टर्मिनलशी येऊन उभं राहिलं. आता दार उघडेल, आणि सासूबाई उतरल्या की त्या पुन्हा कधीही विमानात चढणार नाहीत, हे आम्हा दोघांना न बोलता कळत होतं. मस्कतमध्ये नणंद हीच साइट पाहत असेल, हेही.

फोन वाजला. मी उचलला.

"अगो, इमान पाठी फिरला."

"हो आई. दिसतंय."

"तुना कुठून दिसतंय?"

"कॉम्प्युटरवर. आई, तुम्ही ठीक आहात ना? ते काय सांगतायत?"

"काय तरी दुरुस्ती हाय. बसून राहा बोलतात. पाठचा एक जन उतरू द्या बोलून भांडतोय."

नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला. "आये, घाबरू नकोस. मी काय ते बघतो. तुला उतरायचं असलं तर…"

"उतरू कशाला? आनि घाबरलायस तू. आवाज बघ तुझा."

"विमान परत आलंय ना आये, म्हणून…"

"इमान आला, मी कुठं आले?" त्यांचा आवाज इतका मोठा होता की मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं. "मी तर गुरुवारीच निघाले."

नवऱ्याने फोन कानापासून दूर धरला आणि तसाच उभा राहिला. पलीकडून त्या कुणाला तरी, बहुधा भांडणाऱ्या माणसाला, सांगत होत्या, "बस रं दादा. पानी पी. दुरुस्त करतात म्हंजे चांगलाच हाय ना, नाय केला असता तर?"

मग त्यांनी तो फोन ठेवला आणि, हे आम्हाला नंतर कळलं, लगेच मस्कतला लावला. मुलीला त्यांनी एवढंच सांगितलं, की विमान खोळंबलंय, मी वाटेत आहे.

तासाभराने चिन्ह पुन्हा हललं. या वेळी ते धावपट्टीवर गेलं, वेग वाढला, उंचीचा आकडा बदलायला लागला. वारा त्या दिवशी पूर्वेकडून होता, त्यामुळे विमान आधी आमच्याच बाजूला, खाडीकडे उडालं, मग वळून समुद्रावर गेलं. नवरा गॅलरीत गेला. त्याला काही दिसलं का ते मी विचारलं नाही. किनारा सुटेपर्यंत मी पडद्याकडे पाहत होते, मग साइट बंद केली आणि जेवण गरम केलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, आये आली," ती म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते फोनवर ओळखता येत नव्हतं. "दार उघडायला मी गेले तर दारातच ओरडली, उठलीस कशाला. अजून पानी पन नाय पिली, ह्यांना बोलली बाजारातून मोठी परात आन—"

मागून सासूबाईंचा आवाज आला. "कोन हाय? सूनबाय? तिला सांग पोचले म्हनून. आनि तू फोन ठेव, पाय वर घे."